वाचकांचे प्रश्न : व्हीआरच्या तासाला शिक्षकांच्या टॅबवर काय असावं?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या काही शाळांत व्हीआरचे, म्हणजे आभासी वास्तवाचे, हेडसेट पोहोचले आहेत. या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न मुलांच्या डोळ्यांवरच्या हेडसेटबद्दल नाहीत, शिक्षकांच्या हातातल्या टॅबबद्दल आहेत. अडचणी बहुतेक वेळा तिथेच सुरू होतात, त्यामुळे हे साहजिकच आहे.

प्रश्न : आमच्याकडे २० हेडसेट आहेत. सोबतच्या टॅबवर २० मुलांना दिसणारी २० दृश्यं छोट्या चौकटींत एकाच वेळी दिसतात. पुरवठादाराच्या मते टॅबवरच्या या नियंत्रण-पडद्याचं, म्हणजे पॅनलचं, हेच वैशिष्ट्य. पण पूर्ण तास माझी नजर टॅबवरच राहते. मागच्या बाकावर कुणी हेडसेट काढून बसलं तरी कळत नाही. पुरवठादाराकडे नेमका काय बदल मागावा?
— विज्ञान शिक्षिका, कोपरी, ठाणे पूर्व

पहिली मागणी म्हणजे त्या २० चौकटी काढायला सांगा. १० इंची टॅबचा पडदा साधारण २१ बाय १३ सेंटिमीटर असतो. त्यात ५ गुणिले ४ चौकटी बसवल्या की एकेक चौकट चार सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम तीन सेंटिमीटर उंच उरते. वर्गात फिरताना एवढ्याशा चित्रावरून मूल कुठे अडलंय हे ओळखता येत नाही. त्यात वीस डोकी वीस दिशांना वळत असतात, म्हणून वीसही चित्रं सतत हलतात, आणि हलत्या गोष्टीकडे नजर ओढली जाणं कुणाच्याच हातात नसतं. तुमचं लक्ष टॅबवर अडकतं ते या मांडणीमुळे.

या चित्रांचा भुर्दंड हेडसेटलाही बसतो. एका चित्राला सेकंदाला ३ ते ५ मेगाबिट धरले तरी २० हेडसेटचे मिळून ६० ते १०० मेगाबिट होतात. हे चित्र दाबून पाठवण्याचं काम हेडसेटचाच प्रोसेसर करतो. तो तापतो, बॅटरी लवकर उतरते, मुलासमोरचं दृश्य अडखळू लागतं, आणि दृश्य अडखळलं की मुलाला गरगरतं.

तुम्हाला खरं तर प्रत्येक मुलाची स्थिती कळायला हवी, आणि त्यासाठी चार खुणा पुरतात : चालू आहे, मागे पडला, हेडसेट काढला, मदत हवी. पॅनलवर बाकांचा नकाशा असावा. पहिल्या रांगेतला तिसरा बाक पडद्यावरही पहिल्या रांगेत तिसराच दिसावा. काही पॅनल अडचणीत असलेली मुलं आपोआप वरच्या बाजूला आणतात. ही हुशारी त्रासाची ठरते, कारण पडद्यावरची जागा बदलली की ‘सात नंबर कुठे बसलाय’ हे दर वेळी शोधावं लागतं. जागा पक्क्या ठेवा. ज्यांचं सुरळीत चाललंय त्यांचे चौकोन फिकट राखाडी असू द्या, अडलेल्याचाच उठून दिसू द्या. खुणा केवळ लाल-हिरव्या नकोत, आकारही वेगळे हवेत : काढलेल्या हेडसेटला रिकामं वर्तुळ, मदतीला हात, मागे पडलेल्याला बाण. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे शिक्षकही असतात, शिवाय ट्यूबलाइटच्या उजेडात फिकट रंग कुणालाच नीट दिसत नाहीत.

मूल कुठे बघतंय हे कळायलाही व्हिडिओ लागत नाही. डोक्याची दिशा चार आकड्यांत मावते, म्हणजे १६ बाइट. सेकंदाला पाच वेळा पाठवली तरी २० हेडसेटचे मिळून सेकंदाला दोन किलोबाइटच्या आसपास होतात. गूगलच्या एक्स्पिडिशन्स या सेवेत हे चांगलं जमलं होतं. शिक्षक टॅबवर एखाद्या बिंदूला बोट लावत, मुलांना त्या दिशेचा बाण दिसे, आणि कोण कुठे बघतंय हे शिक्षकांच्या पडद्यावर छोट्या चेहऱ्यांच्या रूपात दिसे. जून २०२१ मध्ये ती सेवा बंद झाली. नंतर आलेल्या कित्येक पॅनलनी त्यातला हाच भाग उचलला नाही, याचं वाईट वाटतं. एखाद्या मुलाचं जिवंत दृश्य बघायचं असेल तर त्याच्या चौकोनावर बोट ठेवल्यावर ते मोठं दिसावं आणि बोट उचलल्यावर बंद व्हावं. एका वेळी एकच.

बटणांचंही असंच. सतत समोर फक्त तीन हवीत : ‘थांबवा’, ‘इकडे बघा’, ‘पुढचा टप्पा’. बाकी सगळं एका मेन्यूत. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनेनुसार बटण किमान ४८ डीपी असावं, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर. ते बसून फोन वापरणाऱ्यासाठी ठीक आहे. एका हातात टॅब, दुसऱ्या हातात एखाद्या मुलाच्या हेडसेटचा पट्टा, अशा वेळी ‘थांबवा’ किमान २ सेंटिमीटरचं आणि टॅब धरलेल्या अंगठ्याखाली येईल असं हवं. डावखुऱ्यांसाठी बाजू बदलण्याची सोयही मागा. ‘थांबवा’ दाबल्यावर ‘नक्की थांबवायचं का?’ असं कधीच विचारलं जाऊ नये. चुकून दाबलं गेलं तर पुन्हा दाबून चालू करता येतं. ‘धडा संपवा’ला मात्र एक सेकंद दाबून धरण्याची अट हवी, कारण ते परत फिरवता येत नाही.

‘थांबवा’ दाबल्यावर हेडसेटमध्ये काय होतं तेही विचारून घ्या. दृश्य जागच्या जागी गोठवणं ही सर्रास होणारी चूक आहे. मूल मान वळवतं पण चित्र वळत नाही, आणि दोन-तीन सेकंदांत पोटात ढवळतं. दृश्य डोक्याबरोबर फिरतच राहिलं पाहिजे. अर्ध्या सेकंदात उजेड पाचव्या हिश्शावर यावा, आवाज पूर्ण बंद व्हावा आणि समोर एकच ओळ यावी : ‘फळ्याकडे बघा’. ‘बाईंकडे बघा’ लिहिलं तर सरांच्या तासाला पंचाईत. हेडसेटला बाहेरचं दाखवणारे कॅमेरे असतील तर त्याच क्षणी खरा वर्ग दाखवणं सर्वात उत्तम. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ मध्ये तो करडा दिसतो, क्वेस्ट ३ मध्ये रंगीत. कामापुरते दोन्ही चालतात.

प्रश्न : ‘इकडे बघा’ दाबलं की सगळ्या मुलांचं दृश्य एकदम त्या वस्तूकडे वळवता येणार नाही का? निम्मा वेळ ‘डावीकडे बघ, अरे तुझ्या डावीकडे’ यातच जातो.
— भूगोल शिक्षक, कळवा

तांत्रिकदृष्ट्या वळवता येईल, पण करू नका. डोळे सांगतात आपण फिरलो, कानाच्या आतला तोल सांगतो आपण बसलोय. ही फारकत झाली की मळमळ. एक मूल आजारी पडलं की पुढच्या तासाला दहा जण हेडसेट घालायला नाही म्हणतात.

त्याऐवजी बाण वापरा. वस्तू नजरेच्या टप्प्याबाहेर असेल तर दृश्याच्या कडेला बाण यावा, नजर वस्तूपासून १५ अंशांच्या आत आली की तो विरावा. वस्तू पाठीमागे असेल तर जवळच्या बाजूने वळायला सांगणारा बाण हवा, नाहीतर मुलं उलट बाजूने पूर्ण गोल फिरतात. त्या दिशेने येणारा हलका आवाजही मदत करतो. टॅबवर तेवढ्या वेळेपुरता एकच मोठा आकडा : ‘१४/२०’. तो २०/२० होण्याची वाट बघत बसू नका. एखाद्याचा हेडसेट तिरका असतोच. १७-१८ झाले की पुढे जा आणि राहिलेल्यांच्या बाकाजवळ जाऊन बघा.

खरा घोळ आपल्या बाकांमुळे होतो. परदेशी धडे फिरत्या खुर्चीवर बसलेल्या किंवा उभ्या मुलासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे दोघांचा जोडबाक, पुढे डेस्क, शेजारी मित्राचं कोपर. पाठीमागे वळून बघायला जागाच नसते. म्हणून धडा निवडताना महत्त्वाचं सगळं समोरच्या १२० अंशांत आहे का ते पाहा. ‘तुझ्या डावीकडे’ वारंवार म्हणावं लागण्याचं दुसरं कारण असं की हेडसेट चालू होताना ज्या दिशेला तोंड होतं तीच त्याची ‘समोर’ ठरते. वाटताना कुणी खिडकीकडे तोंड करून चालू केला तर त्याचं जंगल खिडकीकडे उगवतं. यासाठी पॅनलवर ‘समोर जुळवा’ असं बटण हवंच. सगळ्यांना फळ्याकडे तोंड करायला सांगा, मग दाबा. त्या क्षणी दृश्य काळं होऊन पुन्हा उजळावं आणि फक्त आडव्या दिशेतला फरक जुळावा. वर-खालची पातळी बदलली तर जमीन कलंडल्यासारखी वाटते.

प्रश्न : आम्ही युनिटी या सॉफ्टवेअरमध्ये शाळांसाठी व्हीआर धडे बनवतो. तीन अडचणी. एक, मध्येच वायफाय तुटलेला हेडसेट परत येतो तेव्हा जुन्याच टप्प्यावर असतो. दोन, ३६० अंशांचा व्हिडिओ सगळीकडे एकाच क्षणी सुरू होत नाही. तीन, कार्यालयात व्यवस्थित चालणारी जोडणी शाळेच्या वायफायवर हेडसेट शोधूच शकत नाही.
— सॉफ्टवेअर अभियंता, ऐरोली

पहिल्या अडचणीचं मूळ असं की तुम्ही आज्ञा पाठवताय. ‘पुढे जा’ ही आज्ञा ज्या क्षणी गेली तेव्हा हेडसेट नेटवर्कवर नव्हता, मग ती त्याला मिळणार कशी? आज्ञेऐवजी वर्गाची पूर्ण स्थिती पाठवा : धडा क्रमांक, टप्पा, टप्पा कधी सुरू झाला, थांबवलाय का, लक्षबिंदू कोणता, आणि दर बदलाला एकाने वाढणारा अनुक्रमांक. एवढं सगळं शंभरेक बाइटांत बसतं. बदल झाला की लगेच पाठवा, आणि बदल नसला तरी दर दोन सेकंदांनी. हेडसेटने अनुक्रमांक बघायचा, आपल्याकडच्यापेक्षा मोठा असेल तर स्थिती लागू करायची. मग तुटून आलेला, उशिरा आलेला, मध्येच पुन्हा चालू केलेला, या तिघांसाठी वेगळा कोड लागत नाही. दोनदा आलेल्या संदेशानेही बिघडत नाही. ‘पुढे जा’ दोनदा पोहोचलं असतं तर मूल दोन टप्पे पुढे गेलं असतं.

वेळ जुळवण्यासाठी घड्याळांमधला फरक मोजा. समजा हेडसेटने स्वतःच्या घड्याळात ५,००० मिलिसेकंद असताना विचारलं, सर्व्हरने ‘माझ्याकडे ९२,०४०’ असं उत्तर दिलं आणि ते हेडसेटच्या ५,०६० ला पोहोचलं. जाण्यायेण्याला ६० लागले, एका बाजूचे ३० धरा. म्हणजे ५,०६० ला सर्व्हरवर ९२,०७० असणार आणि फरक ८७,०१०. असं आठ वेळा मोजा आणि ज्यात जाण्यायेण्याचा वेळ सर्वात कमी तेच उत्तर ठेवा. सरासरी काढू नका, वायफायवर मधूनच एखादा संदेश ३०० मिलिसेकंद अडकतो आणि सरासरी बिघडवतो. मग ‘आता सुरू करा’ असं न सांगता ‘सर्व्हरच्या घड्याळात दीड सेकंदानंतर सुरू करा’ असं सांगा. पुढे फरक ०.३ सेकंदांहून वाढला तर व्हिडिओचा वेग दोन टक्क्यांनी कमी-जास्त करा. दोन सेकंदांहून जास्त झाला तरच उडी, तीही पडदा काळा करून.

व्हिडिओ वायफायवरून जिवंत पाठवायचा विचार असेल तर सोडा. ४० मेगाबिटने पाच मिनिटांची फाइल दीड जीबी होते. २० हेडसेटना एकाच वेळी म्हणजे सेकंदाला ८०० मेगाबिट, जे वर्गातल्या एका राउटरकडून मिळत नाही. आदल्या दिवशी केबलने भरा आणि फाइल पूर्ण आली आहे का ते आकार आणि हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) बघून तपासा. पॅनलवर प्रत्येक हेडसेटपुढे ‘धडा आहे / नाही’ दिसू द्या. अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ तिसऱ्या मिनिटाला काळा पडतो, आणि शिक्षकांना वाटतं हेडसेटच बिघडला.

तिसरी अडचण बहुधा राउटरमधल्या क्लायंट आयसोलेशनची आहे. शाळेच्या किंवा पाहुण्यांसाठीच्या वायफायवर एका यंत्राने दुसऱ्याला बघू नये म्हणून ती चालू ठेवलेली असते, आणि ब्रॉडकास्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम संदेश पाठवून, हेडसेट शोधणारी तुमची पद्धत तिथेच अडते. ही सेटिंग बदला असं शाळेला सांगू नका, त्यामागे त्यांची कारणं असतात. व्हीआरसाठी वेगळा राउटर ठेवा. त्याला इंटरनेटची गरज नाही. सर्व्हर असलेला लॅपटॉप केबलने जोडा आणि त्याचा आयपी पत्ता पक्का करून हेडसेटच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहा. म्हणजे शोधाशोधच संपते. राउटर कपाटात ठेवू नका, दोन मीटर उंचीवर भिंतीला लावा. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ यांपैकी चॅनेल निवडा. ५२ ते १४४ या चॅनेलवर रडारची चाहूल लागली तर राउटरला जागा सोडावी लागते, आणि ते तासाच्या मध्यातही होऊ शकतं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. शाळेभोवती दाट वस्ती असेल तर ती आधीच भरलेली असतात.

पॅनलवर ‘तुटला’ची खूण घाईने दाखवू नका. हेडसेटकडून दर दोन सेकंदांनी येणारा ‘मी चालू आहे’ हा ठोका सलग तीनदा चुकला, म्हणजे सहा सेकंद झाले, तरच दाखवा. आणि ‘तुटला’ व ‘काढला’ यांत फरक करा. भिंगांमधल्या सेन्सरमुळे हेडसेट डोळ्यांवरून काढला की तो झोपी जातो आणि थोड्या वेळाने वायफायही सोडतो. झोपण्यापूर्वी ‘काढला’ एवढा एक संदेश पाठवला तर शिक्षकांना कळतं की राउटर बघायचा की मुलाकडे जायचं.

प्रश्न : पॅनल मराठीत हवं असा आमचा आग्रह होता. पॅनलवर मराठी बरोबर दिसतं, पण त्याच कंपनीच्या हेडसेटमध्ये ‘विद्यार्थी’, ‘स्थिती’ हे शब्द मोडलेले दिसतात. असं का?
— मराठी शिक्षिका, नेरुळ

तुमचं पॅनल बहुधा ब्राउझरमध्ये चालतं, आणि देवनागरीची जोडाक्षरं व वेलांट्या जागेवर बसवण्याचं काम ब्राउझर करतो. हेडसेटमधला धडा युनिटीत बनवलेला असेल तर त्यातलं नेहमीचं मजकूर-साधन टेक्स्टमेशप्रो अक्षरं ज्या क्रमाने साठवली आहेत त्याच क्रमाने मांडतं. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, साठवताना नंतर, म्हणून ती चुकीच्या बाजूला जाते. ‘द्या’, ‘र्थी’ हलन्त होऊन फुटतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, अक्षरजुळणीचं वेगळं प्लगइन लागतं. धड्यात ठरलेल्या ४०-५० ओळीच असतील तर त्या चित्र म्हणून बनवून घालणं सोपं. कंपनीला तपासायला ‘विद्यार्थ्यांनी’, ‘श्वसनमुळे’, ‘क्षितिज’, ‘ऱ्हास’ हे चार शब्द द्या. चारही बरोबर आले तर बाकी बरोबर येण्याची शक्यता मोठी.

अक्षराच्या आकाराचंही बघा. दोन मीटर अंतरावर दिसणारी ओळ मात्रा-उकार धरून किमान ५ सेंटिमीटर उंच हवी. इंग्रजीसाठी ठरवलेल्या आकारात उकार आणि रफार चिखलासारखे दिसतात.

प्रश्न : ४४ मुलं, २० हेडसेट, ३५ मिनिटांचा तास. कसं बसवायचं?
— मुख्याध्यापक, नौपाडा, ठाणे

२० वापरायचे हा हट्ट सोडा, १५ वापरा. तिघातिघांचे १४ गट आणि दोघांचा एक, झाले ४४. उरलेले पाच हेडसेट भरून बाजूला ठेवा. एखादा अडला तर तिथे दुरुस्ती करत बसायचं नाही, बदलून द्यायचा.

धड्याचे तीन तुकडे करा आणि गटातल्या प्रत्येकाला वेगळा तुकडा दाखवा. ठाणे खाडीचा धडा घेतला तर पहिला बघेल भरतीच्या वेळी पाण्यात उभी तिवरं, दुसरा ओहोटीला चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, तिसरा चिखलातलं खाद्य गाळून खाणारे रोहित पक्षी. ज्याने बघितलं त्याने उरलेल्या दोघांना सांगायचं आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. खाडीतलं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य २०१५ चं, २०२२ पासून ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आहे. मुलांच्या घरापासून जवळ असल्याने प्रश्नही भरपूर येतात. वेळ अशी : घालायला ५ मिनिटं, मग ६-६-६ च्या तीन पाळ्या, मध्ये दोनदा २ मिनिटं अदलाबदलीला, गोळा करायला ३, शेवटी चर्चेला ५. बेरीज ३५.

लिहून घेण्याची पायरी गाळू नका. पॅरॉन्ग आणि मेयर यांच्या २०१८ च्या प्रयोगात व्हीआर धड्याच्या तुकड्यांमध्ये थांबून सारांश लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना सलग बघणाऱ्यांपेक्षा जास्त आठवलं. माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात तर हेडसेट घातलेल्यांना ‘तिथे असल्यासारखं’ जास्त वाटलं, पण ते शिकले साध्या पडद्यावर बघणाऱ्यांपेक्षा कमी. दोन्ही प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे आहेत, पण शाळेतल्या मुलांना थांबायची गरज कमी असेल असं मानायला काही आधार नाही.

यासाठी पॅनलवर ‘पाळी बदला’ हे बटण मागून घ्या. एका दाबात सगळे हेडसेट थांबावेत, पुढच्या मुलाला पुढचा तुकडा मिळावा आणि ‘समोर जुळवा’ आपोआप व्हावं. हे बटण नसेल तर १५ हेडसेट एकेक करून पुन्हा सुरू करण्यात पाळी संपते. भिंगांमधलं अंतर जुळवायलाही मुलांना आधीच शिकवा. क्वेस्ट २ ला ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटरचे तीनच खाचे आहेत. लहान चेहऱ्यांना पहिला. ‘धूसर दिसतंय’ ही तक्रार बहुधा इथेच सुटते, नाहीतर हेडसेट कपाळावर चढलेला असतो.

आणखी एक, कंट्रोलर वाटूच नका. क्वेस्टच्या प्रत्येक कंट्रोलरला एक पेन्सिल सेल लागतो, १५ हेडसेटचे ३० झाले, आणि त्यावरचं होम बटण दाबून मुलं धड्याबाहेर जातात. एखाद्या गोष्टीकडे दोन सेकंद टक लावून बघितलं की ती निवडली जाते, एवढं पुरे. हेडसेट किऑस्क मोडमध्ये, म्हणजे एकाच ॲपमध्ये अडकवलेले, असतील तर होमचाही प्रश्न मिटतो. मदतीसाठी मूल खरोखरचा हात वर करेल, ती सवय मोडायची गरज नाही. फक्त बाईंनी बघितलं का हे त्याला दिसत नाही. तुम्ही त्याच्या चौकोनावर बोट लावल्यावर त्याच्यासमोर ‘येतेय’ किंवा ‘येतोय’ उमटावं.

प्रश्न : पॅनलमधून ‘कोणत्या मुलाने कशाकडे किती सेकंद बघितलं’ असा अहवाल निघतो. तो पालकसभेत द्यावा का?
— पर्यवेक्षिका, खारघर

नको. क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३ मध्ये डोळ्यांचा मागोवा घेणारे कॅमेरे नाहीत. अहवालात येते ती डोक्याची दिशा. मूल मान सरळ ठेवून कोपऱ्यातून बघत असेल, किंवा मान वस्तूकडे ठेवून डबा खायच्या विचारात असेल. दोन्ही अहवालात सारखंच दिसेल.

दुसरं कारण कायद्याचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची सगळी मुलं येतात. त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यावर बंधनं आहेत. शिक्षणसंस्थांना कोणत्या बाबतीत सवलत आहे ते नियम वाचून कायद्याच्या जाणकाराकडून समजून घ्या. पण सोपा मार्ग असा की पॅनलमध्ये मुलांची नावं टाकायचीच नाहीत. हेडसेटवर क्रमांक, आणि कुठला क्रमांक कुणाकडे हे बाईंच्या हजेरीवहीत पेन्सिलीने. तास संपला की नोंदी पुसल्या जाव्यात. कंपनीला लेखी विचारा : माहिती कुठल्या सर्व्हरवर जाते, किती दिवस राहते, पुसण्याचं बटण कुठे आहे?

वयाचंही बघा. मेटाने २०२३ मध्ये किमान वय १० केलं, तेही पालकांनी चालवलेल्या खात्यावर. दुसऱ्या कंपनीचे हेडसेट असतील तर त्यांच्या पुस्तिकेतलं वय बघा.

प्रश्न : शिक्षकांनीही हेडसेट घालावा का?
— वाशी

आदल्या दिवशी धडा बघताना, हो. तासाला नाही. पंधरा मुलांना वर्ग दिसत नसताना, दिसणारं एक माणूस तरी हवं.

प्रश्न : तासाच्या सुरुवातीला कधी एकाची बॅटरी संपलेली, कधी दुसऱ्याचा धडाच नाही. आधी काय तपासावं?
— प्रयोगशाळा सहायक, कोपरखैरणे

हे काम तुम्ही करताय, मग पॅनलवर तुमच्यासाठी वेगळा पडदा हवा, शिक्षकांना तो दिसण्याची गरज नाही. त्यावर प्रत्येक हेडसेटची बॅटरी, धडा आहे का, ॲपची आवृत्ती आणि राउटरशी जोडणी, एवढे चार रकाने. दोन तास चालणारी बॅटरी ३५ मिनिटांत सुमारे ३० टक्के उतरते, म्हणून ४० टक्क्यांखालचा हेडसेट वर्गात नेऊ नका. लागोपाठ दोन तास असतील तर मर्यादा ७० धरा. आवृत्ती सगळ्यांची एकच असावी. आपोआप होणारं अपडेट बंद ठेवा, नाहीतर सोमवारी सकाळी काही हेडसेट अपडेट मागत बसतात.

चार्जिंगचा भार फार नाही. १८ वॉटचे २० चार्जर म्हणजे ३६० वॉट, ६ अँपिअरच्या सॉकेटची क्षमता १,३०० वॉटच्या वर असते. अडचण येते ती स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डमध्ये चार्जर शेजारी-शेजारी न बसल्याने सैल राहिलेल्या पिनांची. दिवा लागतो आणि बॅटरी भरत नाही, किंवा पिन तापते. चांगला बोर्ड घ्या आणि एक आड एक सॉकेट वापरा. देखभालीसाठी वीज बंद राहण्याची सूचना आली असेल तर आदल्या संध्याकाळीच सगळे भरा.

भिंगं कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. सॅनिटायझर आणि स्पिरिटने त्यावरचा थर जातो. चेहऱ्याला लागणाऱ्या सिलिकॉनच्या कव्हरला ते चालतं, पण पुसून वाळल्याशिवाय पुढच्या मुलाला देऊ नका. खिडकीजवळच्या बाकावर हेडसेट उताणा ठेवायचा नाही. भिंगातून ऊन आत गेलं तर आतला पडदा कायमचा जळतो आणि त्यावर उपाय नसतो. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याने बदला. एसी असलेल्या खोलीतून दमट वर्गात आणले तर भिंगांवर वाफ धरते. पुसत बसू नका, दहा मिनिटं आधी आणून ठेवा.

प्रश्न : आम्ही बी.एड.चे विद्यार्थी आहोत. शिक्षकांच्या पॅनलचा आराखडा हा प्रकल्प घेतलाय, पण आमच्याकडे एकही हेडसेट नाही. चाचणी कशी घ्यावी?
— घणसोली

हेडसेटशिवायच सुरुवात करा, उलट बरं पडेल. आराखडा कागदावर काढून परीक्षेच्या पॅडवर लावा. पंधरा मित्रांना बाकांवर बसवून डोळ्यांवर पट्ट्या बांधा, प्रत्येकाला आधीच एक सूचना सांगून ठेवा : ‘दुसऱ्या मिनिटाला पट्टी काढ’, ‘चौथ्या मिनिटाला हात वर कर’. एक जण शिक्षक होऊन धडा शिकवेल. दुसरा त्याच्याजवळ उभा राहून पॅडवरच्या चौकोनांवर खुणांच्या चिकटपट्ट्या लावेल, म्हणजे तोच तुमचा सर्व्हर. तिसरा शिक्षकाच्या चेहऱ्याचा मोबाइलवर व्हिडिओ घेईल.

नंतर तो व्हिडिओ बघून दोन गोष्टी मोजा. नजर एका वेळी पॅडवर किती सेकंद टिकली, आणि चिकटपट्टी लागल्यापासून शिक्षक योग्य बाकाकडे वळेपर्यंत किती वेळ गेला. पहिल्यासाठी दोन सेकंद आणि दुसऱ्यासाठी पाच, अशी मर्यादा धरा. त्याहून जास्त आलं तर पडद्यावर काय जास्त झालंय ते काढून टाका आणि पुन्हा करा. एका दुपारी चार-पाच आराखडे तपासून होतात.

कागदावरचा आराखडा ठरला की ब्राउझरमध्ये पॅनल बनवा आणि त्याला २० खोटे हेडसेट जोडा. दर दोन सेकंदांना स्थिती पाठवणारा, मधूनच गप्प होणारा, मधूनच ‘काढला’ म्हणणारा छोटा प्रोग्रॅम एवढंच ते असतं. त्यातले तीन मुद्दाम सतत तुटत राहतील असे ठेवा. पॅनलची परीक्षा त्या तिघांवर होते.